जुन्या सोसायटीतील घर घ्यावे का? दोन वर्षांच्या शोधानंतर अडलेला आमचा निर्णय

अंगणवेल | ५ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षे आम्ही दोघे पुण्यात राहते घर विकत घेण्यासाठी फिरत आहोत आणि आता एका घरापाशी येऊन थांबलो आहोत. घर मनात भरले आहे, पण त्याच्या कागदपत्रांत दोन गाठी आहेत, आणि त्या सुटण्याजोग्या आहेत की त्या पाहून मागे फिरावे, हे जाणकारांना विचारण्यासाठी हा धागा काढत आहे.

या घरात आम्ही पाच जण राहणार आहोत. आम्ही नवरा-बायको, सातवीतली मुलगी आणि वाईहून कायमचे आमच्याकडे येणारे सासू-सासरे. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि सासऱ्यांना कंपवात आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहून आम्ही बारा वर्षांत पाच घरे बदलली. मागच्या वेळी सामान बांधताना मुलीने स्वतःहून सांगितले की तिची तीन खोकी उघडूच नका, पुढच्या वर्षी पुन्हा भरायचीच आहेत. त्या दिवसापासून घर घेणे हा आमच्यासाठी गुंतवणुकीचा विषय राहिला नाही.

सुरुवातीला वाघोलीत नवे गृहप्रकल्प पाहिले. खोल्या प्रशस्त होत्या, लिफ्ट होती आणि किंमतही आवाक्यात होती. मात्र दोन वर्षांपूर्वी लोक राहायला गेलेल्या शेजारच्या सोसायटीचा वार्षिक हिशेब एका ओळखीच्यांनी दाखवला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा खर्च पाण्याच्या टँकरचा निघाला. वाघोली २०२१ साली समाविष्ट झालेल्या तेवीस गावांपैकी एक म्हणून महापालिकेत आली, परंतु गाव हद्दीत येणे वेगळे आणि नळाला पाणी येणे वेगळे. कोणत्याही नव्या वस्तीत घर पाहणाऱ्यांनी नमुना सदनिका पाहण्याआधी शेजारच्या सोसायटीचे टँकरचे बिल पाहावे, असे मी मनापासून सांगेन. तळेगावची रो-हाउस सासऱ्यांना फार आवडली होती, पण यजमानांची नोकरी हिंजवडीत, माझी शाळा कर्वे रस्त्यावर आणि सासऱ्यांचे मेंदूविकारतज्ज्ञ डेक्कनजवळ, त्यामुळे तो विचार एका आठवड्यात सोडला.

सिंहगड रस्त्यावरचे घर मात्र आम्ही जवळजवळ घेतलेच होते. जूनमध्ये विसार देण्याची तयारी झाली होती, पण सासूबाई आजारी पडल्याने ते लांबले. २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीच्या परिसरात जे झाले, ते सर्वांनी पाहिले आहे. आमची इमारत त्याच पट्ट्यातली होती. ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा तळमजल्यावरच्या वीजमीटरच्या पेटीवर माझ्या छातीएवढ्या उंचीला चिखलाची सरळ रेघ उमटलेली होती आणि त्या रेघेच्या खालचे सगळे मीटर नवे बसवलेले होते. नदीच्या पूररेषा निळी आणि लाल अशा दोन असतात, निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे मला त्यानंतर कळले. आधी आम्ही ते कोणालाही विचारलेले नव्हते.

आता या घराविषयी. कोथरूडमध्ये, वनाज मेट्रो स्थानकापासून पायी दहा मिनिटांवर, १९९१ साली पूर्ण झालेली तीन मजली इमारत आहे. बारा सदनिका आहेत, लिफ्ट नाही. घर पहिल्या मजल्यावर असून सतरा पायऱ्या चढाव्या लागतात. मागणी एक कोटी दहा लाखांची आहे. एजंटने क्षेत्रफळ १,०५० चौरस फूट सांगितले होते. आम्ही टेप घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत प्रत्येक खोली मोजली, तेव्हा ते ७६८ भरले. म्हणजे चौरस फुटाला १०,४७६ रुपये वाटणारा दर प्रत्यक्षात १४,३२३ रुपये पडतो. तरीही तीन शयनगृहे आहेत, पश्चिमेला आंब्याचे झाड आहे आणि सासूबाईंनी त्या सतरा पायऱ्या मध्ये न थांबता चढून दाखवल्या.

पहिली गाठ अशी की तेहतीस वर्षे होऊनही इमारतीखालची जमीन गृहनिर्माण संस्थेच्या नावावर झालेली नाही. ती मूळ मालक आणि बिल्डर यांच्याच नावावर दिसते. दुसरी गाठ अशी की सदनिका विक्रेत्याच्या आईच्या नावावर होती. आई २०२० साली वारल्यावर संस्थेने भागप्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) थोरल्या मुलाचे नाव लावले, कारण नामनिर्देशन त्याचे होते. त्याला एक भाऊ आणि एक बहीण आहे. बहीण अमेरिकेत असते. एजंट म्हणतो की भागप्रमाणपत्र नावावर आहे म्हणजे तोच मालक. आम्हाला ते पटत नाही. आपले काय मत आहे?

शाईपेन | ५ ऑक्टोबर २०२४

आपल्याला पटत नाही, ते योग्यच आहे. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे वारस नव्हे. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जो स्वतंत्र भाग घातला गेला, त्यानुसार सदस्य वारल्यावर नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सदस्य म्हणून घेतले जाते आणि ज्यांचे वारसत्व कायद्याने ठरते, त्यांना नंतर सदस्य करून घेतले जाते. मृत्युपत्र नसेल आणि वडीलही हयात नसतील, तर ही सदनिका तिन्ही भावंडांची समान हिश्श्याने आहे. एकट्या थोरल्या भावाने खरेदीखत करून दिले, तर आपल्याला फार तर त्याचा एक तृतीयांश हिस्सा मिळेल आणि उरलेल्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागेल.

यावर दोन उपाय आहेत. एक, भाऊ आणि बहीण यांनी थोरल्या भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे आणि मग त्याने एकट्याने विक्री करावी. दोन, तिघांनीही विक्रेते म्हणून खरेदीखतावर सह्या कराव्यात. दुसऱ्या मार्गात एक बाब कटाक्षाने लक्षात ठेवावी. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरासाठी खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का प्राप्तिकर कापून भरायचा असतो, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु विक्रेता अनिवासी असेल, तर तो एक टक्क्याचा नियम त्याच्या हिश्श्याला लागू होत नाही. तेथे कपात बरीच मोठी असते आणि ती न केल्यास जबाबदारी खरेदीदारावर येते. बहिणीला तिच्या हिश्श्याची रक्कम हवी आहे की ती प्रेमाने हक्क सोडणार आहे, हे विसार देण्यापूर्वी तिच्याच तोंडून ऐका, भावाच्या तोंडून नव्हे.

याखेरीज तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदींच्या तपासाचा अहवाल घ्या, १९९१ चा मूळ नोंदणीकृत करारनामा हातात घेऊन पाहा आणि दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या.

सातबारा | ६ ऑक्टोबर २०२४

मी एका तीस वर्षे जुन्या संस्थेचा सचिव म्हणून नऊ वर्षे काम केले आहे, त्यामुळे पहिल्या गाठीविषयी लिहितो.

आपण सदनिका विकत घेता, पण ती ज्या जमिनीवर उभी आहे ती संस्थेची झाली नसेल, तर संस्थेच्या हाती फक्त विटा आणि सिमेंट असते. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याप्रमाणे संस्था नोंदल्यानंतर चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे तिची मालकी संस्थेच्या नावे करून देणे अपेक्षित होते. असंख्य बिल्डरांनी ते केले नाही, कारण पुढे चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर परवानगी असलेले बांधकाम, वाढले की त्याचा लाभ जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला मागता येतो. म्हणून २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डर सही देत नसेल किंवा सापडतच नसेल, तरी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करून, सुनावणीनंतर संस्थेला जमीन मिळवता येते. काम किचकट आहे. सर्व सदनिकांचे करार, त्यांच्या सूची क्रमांक दोन (नोंदणीचे उतारे), मंजूर नकाशा आणि भोगवटापत्र, म्हणजे इमारत वापरण्याचा महापालिकेचा दाखला, जमवावे लागते. पण ते होते. आमच्या संस्थेचे झाले, आणि सर्वांत जास्त वेळ गेला तो दोन सदस्यांचे हरवलेले करार नोंदणी कार्यालयातून काढून घेण्यात.

तेव्हा अभिहस्तांतरण नाही एवढ्यावरून घर सोडू नका. पुण्यात तसे ठरवले, तर जुन्या वस्तीतली निम्मी घरे पाहायलाच नकोत. आपण संस्थेच्या सभांचे इतिवृत्त मागा. मानीव अभिहस्तांतरणाचा ठराव झाला आहे का, वर्गणी गोळा झाली आहे का, की दरवर्षी चहापाण्याबरोबर विषय पुढे ढकलला जातो, हे दोन-तीन वर्षांच्या इतिवृत्तांत लगेच दिसते.

एजंटने पुनर्विकासाचे गाजर दाखवले असेलच. त्याविषयी एक प्रश्न: इमारतीसमोरचा रस्ता किती रुंद आहे?

अंगणवेल | ६ ऑक्टोबर २०२४

आपण विचारल्यावर संध्याकाळी जाऊन मोजून आलो. दोन्ही बाजूंच्या कुंपणभिंतींमध्ये साडेसात मीटर भरले. एजंटने "दोन-तीन वर्षांत पुनर्विकास होणार, मग घराची किंमत दुप्पट" असे सांगितले होते, हे खरे आहे.

सातबारा | ६ ऑक्टोबर २०२४

मग ते वाक्य किमतीतून वजा करा. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा हस्तांतरित बांधकामहक्क, वापरता येत नाही. टीडीआर नाही म्हणजे वाढीव बांधकाम फारसे नाही, आणि विकण्यासाठी जास्तीच्या सदनिकाच निघत नसतील तर विकसक येत नाही. २०१९ पासून पुनर्विकासाला ५१ टक्के सदस्यांची संमती पुरते हे खरे, परंतु बाराही सदस्य तयार असले तरी रस्त्याची रुंदी त्यांच्या हातात नाही. महापालिकेने तो रस्ता नऊ मीटर करायचे ठरवले, तर पुढच्या अंगणाची पट्टी जाईल. ती गेल्यावर आपला आंबा राहतो का, तेही पाहा.

घर राहण्यासाठी घेत असाल, तर त्याच्या आजच्या स्थितीचाच दर द्या.

कॉलमबीम | ८ ऑक्टोबर २०२४

मी बांधकाम-परीक्षणाचे काम करतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. आपली इमारत दुसऱ्या गटात येते. मागचा अहवाल मागा. अहवालच नसेल, तर स्वतःच्या खर्चाने निदान आपली सदनिका, गच्ची आणि तळमजल्यावरचे खांब एखाद्या अभियंत्याला दाखवा. एक कोटीच्या व्यवहारात तो खर्च किरकोळ आहे.

तोपर्यंत आपण स्वतः पाहू शकाल अशा जागा सांगतो. न्हाणीघर आणि संडास यांच्या छताखाली उभे राहा, कारण वरच्या घराचे पाणी तेथेच झिरपते. छताला पोपडे आले असतील, तर लहान हातोडीने हलकेच ठोका. भरीव आवाज आला तर केवळ रंगाचा प्रश्न आहे; पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे. त्यामागची सळई गंजून फुगली असेल, तर काँक्रीटला सळईच्या रेषेत लांब तडा गेलेला दिसेल. आडव्या-तिडव्या केसासारख्या रेषांना घाबरू नका, सळईच्या दिशेने जाणाऱ्या तड्याला घाबरा. पार्किंगच्या खांबांचा जमिनीलगतचा फूटभर भाग अवश्य पाहा. गाड्या धुण्याचे पाणी वर्षानुवर्षे तेथेच मुरते.

रानवाट | ८ ऑक्टोबर २०२४

माझे मत वेगळे आहे. आई-वडील सत्तरीच्या पुढे असताना लिफ्ट नसलेले घर घेऊ नये. आज सतरा पायऱ्या चढता येतात, पण कंपवात वाढत जाणारा आजार आहे. माझ्या वडिलांना शेवटची दोन वर्षे खुर्चीत बसवून चौघांनी खाली न्यावे लागत असे, आणि दर वेळी चौघे मिळतीलच असे नसे. रेरा (गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी असलेला, बांधकाम पूर्ण होऊन भोगवटापत्र मिळालेला नवा फ्लॅट पाहा. भोगवटापत्रानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर जीएसटी लागत नाही, कार्पेट क्षेत्र करारातच लिहिलेले असते आणि वारसांचा गुंता नसतो. घर थोडे लांब असले तरी चालेल.

अंगणवेल | ९ ऑक्टोबर २०२४

रानवाट, आपण लिहिलेले वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते. हा प्रश्न आम्ही टाळत होतो. शेवटी तो आम्ही सासऱ्यांनाच विचारला. ते म्हणाले, "लांबच्या अकराव्या मजल्यावर लिफ्ट असेल, पण मी खाली उतरून जाणार कुठे? इथे खाली उतरलो की वाणी आहे, देऊळ आहे, बोलायला माणूस आहे. पायऱ्या आहेत म्हणून तरी मी रोज चालेन." त्यांच्या डॉक्टरांशीही बोललो. चालणे आणि माणसांत राहणे महत्त्वाचे, पण पुढे जिना अवघड होईल हे गृहीत धरा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणून जिन्याच्या बाहेरच्या बाजूला लहान लिफ्ट बसवता येईल का, हे अभियंत्यांना विचारणार आहोत. ते शक्य नसेल, तर तळमजल्यावरचे घर भाड्याने मिळेपर्यंत तग धरण्याची तयारी ठेवावी लागेल.

कॉलमबीम यांनी सांगितल्याप्रमाणे हातोडी घेऊन गेलो होतो. मोठ्या न्हाणीघराच्या छताला दाराच्या बाजूस पोकळ आवाज आला आणि ठोकताना तळहाताएवढा पोपडा खाली पडला. आत दिसलेली सळई वरून तांबूस आहे, पण फुगलेली नाही. खांब कोरडे आहेत. आपल्या ओळखीतून मिळालेले अभियंता येत्या रविवारी येत आहेत.

आणखी एका बाबीवर मत हवे आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क एकूण सात टक्के पडते आणि खरेदी फक्त स्त्रीच्या नावे असेल, तर एक टक्का सवलत मिळते. एक कोटी दहा लाखांवर ती रक्कम एक लाख दहा हजार होते. सासऱ्यांनी वाईचा प्लॉट विकलेली रक्कम यात घातली आहे आणि तरीही घर माझ्या एकटीच्या नावे करा, असे तेच म्हणत आहेत. मला संकोच वाटतो.

शाईपेन | १० ऑक्टोबर २०२४

ती सवलत केवळ स्त्री खरेदीदारांनाच आहे. पती सहखरेदीदार असेल, तर ती मिळत नाही. पूर्वी पती-पत्नी दोघांच्या नावे घर घेण्याचे मोठे कारण गृहकर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकर सवलत हे होते. आपले पती नव्या कररचनेत असतील, तर राहत्या घराच्या व्याजाची ती वजावट त्यांना मिळतच नाही, म्हणून त्या अंगाने तोटा नाही. बँक त्यांना सहकर्जदार म्हणून घेईलच. संकोचाचे म्हणाल, तर सासऱ्यांनी दिलेली रक्कम बक्षीस की उसनी, हे एका कागदावर लिहून ठेवा आणि आपले मृत्युपत्र लगोलग करा. कुटुंबात प्रेम आहे म्हणूनच ते आज सहज लिहून होईल.

रोख रकमेचा हिशेब मात्र आधी मांडा. पंचाहत्तर लाखांपेक्षा मोठ्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे जात नाही आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाही.

अंगणवेल | १० ऑक्टोबर २०२४

हिशेब मांडला आहे. आम्ही पंचाहत्तर लाखच कर्ज घेणार आहोत. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी दर लाखाला सुमारे ८६८ रुपये, म्हणजे महिन्याला ६५,१०० रुपयांच्या आसपास हप्ता येतो. पदरचे पस्तीस लाख, मुद्रांक शुल्क सहा लाख साठ हजार, नोंदणी फी तीस हजार, एजंटची एक टक्का दलाली आणि दुरुस्ती. संस्थेच्या सचिवांनी हस्तांतरणासाठी एक लाख रुपये "ऐच्छिक देणगी" सांगितली आहे.

सातबारा | ११ ऑक्टोबर २०२४

सदनिका दुसऱ्याच्या नावे होताना संस्था घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा शासनाने पंचवीस हजार ठरवलेली आहे आणि देणगी या नावाने त्याहून जास्त मागता येत नाही. नम्रपणे पण लेखी विचारा. उत्तर लेखी मागितले की रक्कम बहुधा पंचवीस हजारांवर येते.

मिळकतकराची पावतीही पाहा. विक्रेत्याने घर भाड्याने दिले असेल, तर स्वतः राहणाऱ्यांना महापालिका देते ती ४० टक्के सवलत त्या बिलात नसेल. राहायला गेल्यावर पीटी-३ अर्ज भरून ती मागून घ्या.

हडसनकाठ | १३ ऑक्टोबर २०२४

मी न्यू जर्सीत राहते आणि या गोष्टीतल्या बहिणीच्या जागी मी स्वतः होते, म्हणून लिहीत आहे. नाशिकच्या आमच्या घरातला हक्क मी भावाच्या नावे सोडला. त्याने फोनवर "फक्त एक सही" असे सांगितले होते. त्या सहीसाठी मुखत्यारपत्राचा मसुदा भारतातल्या वकिलांकडून मागवला, येथे नोटरीसमोर सही केली, राज्याच्या कार्यालयातून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणपत्र, घेतले आणि मूळ प्रत कुरिअरने पाठवली. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर मुद्रांक लावावा लागतो, हे आमच्या वकिलांनी वेळेवर सांगितले म्हणून बरे.

मला सांगायचे आहे ते वेगळेच. माझ्याशी खरेदीदार एकदाही बोलले नाहीत. आईच्या घराचे काय होणार, तिथे कोण राहणार, हे मला कोणीही सांगितले नाही. आपण त्या बहिणीला एकदा फोन करावा. व्यवहारासाठी तर कराच, पण त्याशिवायही करावा.

अंगणवेल | २० ऑक्टोबर २०२४

काल रात्री विक्रेत्याच्या बहिणीशी तासभर बोलले. भाऊ स्वतःच्या नावाने घर विकत आहे एवढेच त्यांना माहीत होते. वारस म्हणून आपली सही लागेल, हे माहीत नव्हते. त्यांना पैसे नको आहेत. स्वयंपाकघरातली आईची दगडी पाटी आणि कोनाड्यातली समई भावाने काढून ठेवावी, एवढे त्या म्हणाल्या. आंबा त्यांच्या वडिलांनी लावलेला आहे.

अभियंत्यांचा अहवाल आला. खांब आणि तुळया ठीक आहेत. न्हाणीघराच्या छताचे काम वरच्या घराच्या फरशीखालची गळती बंद केल्यानंतरच करावे, असे त्यांनी लिहिले आहे. ती गळती दुरुस्त करणे वरच्या सदस्याची जबाबदारी आहे आणि संस्थेने तसे पत्र त्यांना दिले आहे. जिन्याबाहेर लिफ्टसाठी जागा निघते, पण तिला महापालिकेची परवानगी आणि सर्व सदस्यांचा पैसा लागेल. १९९१ च्या करारात कार्पेट ७८२ लिहिलेले आहे. रस्ता, क्षेत्रफळ आणि दुरुस्ती मांडून आम्ही एक कोटी दोन लाख देऊ केले आहेत, आणि हक्कसोडपत्र नोंदल्याशिवाय विसार देणार नाही, असे कळवले आहे.

अंगणवेल | १८ जानेवारी २०२५

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. व्यवहार एक कोटी चार लाखांना ठरला. मुखत्यारपत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले, हक्कसोडपत्र नोंदले गेले, जाहीर नोटिशीवर हरकत आली नाही आणि गेल्या शुक्रवारी खरेदीखत माझ्या नावे झाले. हस्तांतरणाचे पंचवीस हजारच भरले. संस्थेच्या इतिवृत्तांत मानीव अभिहस्तांतरणाचा विषय २०१६ पासून दरवर्षी पुढे ढकललेला आढळला. आता सचिवांनी ते काम आम्हा दोघांकडे दिले असून, बारापैकी नऊ करार आमच्या हाती आले आहेत. उरलेल्या तिघांपैकी एक सदस्य नागपूरला असतात, त्यांना पत्र पाठवले आहे.

दगडी पाटी आणि समई धाकट्या भावाकडे पोहोचवली. सासूबाईंना जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा हवा आहे. त्याच्या परवानगीचा अर्ज आज संस्थेकडे दिला.